फॉरमॅट करण्याआधी तापमान मोजा

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात लॅपटॉपची काळजी कशी घ्यावी, याविषयी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. लॅपटॉप तापू लागला तर खाली ठेवायचे पंख्यांचे कूलिंग पॅड घ्यावे, मंदावला तर फॉरमॅट करून, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकून घ्यावा आणि पाच वर्षे झाली असतील तर सरळ नवा घ्यावा, असा त्यातील सल्ल्याचा मथितार्थ होता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु तापणे आणि मंदावणे या दोन वेगळ्या तक्रारी मानून त्यांवर दोन वेगळे तोडगे सुचवल्यामुळे मूळ प्रश्न बाजूलाच राहिला, असे मला वाटते. अकोल्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल हे माझे काम आहे आणि विद्यार्थ्यांचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे लॅपटॉपही ओघाने माझ्या टेबलावर येत असतात. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर शेवटच्या मागण्या तेवढ्या वगळू नयेत, ही विनंती.

प्रोसेसर, म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारी मुख्य चिप, जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. घरगुती वापराच्या पातळ लॅपटॉपमधील प्रोसेसर सलग कामात साधारणपणे १५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर गेमिंगसाठी बनवलेल्या जाडजूड यंत्रांतील प्रोसेसर ४५ वॅट किंवा त्याहून अधिक घेतो. ही उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून, म्हणजे हीट पाइपमधून, कडेच्या बारीक पत्र्यांच्या जाळीपर्यंत पोचते आणि फॅन त्या जाळीतून हवा लोटून ती बाहेर काढतो. या वाटेवर कुठेही अडथळा आला की प्रोसेसरचे तापमान चढू लागते. ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, काही प्रोसेसरमध्ये ९५ किंवा १०५ अंशांवर, पोचले की प्रोसेसर जळू नये म्हणून आपली गती स्वतःच कमी करतो. त्यानेही भागले नाही तर यंत्र एकाएकी बंद पडते. वापरणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की एक्सेलची फाइल उघडायला वेळ लागतो, व्हिडिओ अडखळतो, कळ दाबल्यावर अक्षर उशिरा उमटते. तो दुकानात जाऊन ‘लॅपटॉप स्लो झालाय’ असे सांगतो, दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो आणि तापण्याचा विषय त्या बोलण्यात निघतच नाही.

आमच्या भागात याला हवामानाची जोड मिळते. लॅपटॉपचा फॅन हवा थंड करत नाही. खोलीत जी हवा आहे तीच तो आतून फिरवतो. फॅन आधीच पूर्ण वेगाने फिरत असेल, तर खोलीचे तापमान जेवढ्या अंशांनी वाढेल जवळपास तेवढ्याच अंशांनी प्रोसेसरचेही वाढणार, हे ओघानेच आले. म्हणजे जानेवारीत, खोलीत २५ अंश असताना, एखाद्या कामात ८० अंशांपर्यंत जाणारे यंत्र मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तेच काम करताना ९७ अंशांवर जाऊ शकते. त्यात नवा बिघाड काहीही झालेला नसतो, तरी ते गती कमी करण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या ठिकाणी मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. ॲपल कंपनी आपल्या मॅकबुकसाठी भोवतालच्या हवेचे तापमान १० ते ३५ अंश असावे असे सांगते आणि इतर अनेक कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकांतही वरची मर्यादा ३५ अंशांचीच आढळते. विदर्भात मार्चच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत, दुपारच्या वेळी, कूलर नसलेल्या खोलीत वापरला जाणारा जवळजवळ प्रत्येक लॅपटॉप या मर्यादेबाहेर काम करत असतो, आणि हा आकडा ग्राहकाला विक्रीच्या वेळी कुणीही सांगत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की लॅपटॉपवर कोणताही उपाय करण्याआधी तो नेमका केव्हा मंदावतो हे पाहावे आणि त्याचे तापमान मोजावे. पहिली पारख बिनखर्चाची आहे. रात्रभर बंद असलेला लॅपटॉप सकाळी सुरू करून पहिल्या दहा मिनिटांतच तो रखडतो का, हे पाहावे. यंत्र गार असतानाच रखडत असेल तर दोष बहुधा उष्णतेचा नाही. हार्ड डिस्क (फाइली साठवणारी फिरती चकती), रॅम (चालू कामापुरती स्मृती) किंवा आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम यांकडे वळावे लागेल. उलट, सुरुवातीला नीट चालून अर्ध्या तासाने फॅनचा आवाज वाढला, मग काम रखडू लागले आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर यंत्र पुन्हा ताळ्यावर आले, तर संशय उष्णतेवर घ्यावा. एवढ्या निरीक्षणाने निदानाचे बरेचसे काम होते, पण लॅपटॉप दुकानात देताना ते कुणी सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. यात एक बारकावा आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालूच असते, त्यामुळे ‘शट डाउन’ केलेला संगणक पुढच्या वेळी पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. आधीच्या स्थितीचा काही भाग डिस्कवर जपून ठेवलेला असतो आणि तोच परत आणला जातो. तेव्हा पारख करण्याआधी एकदा ‘रीस्टार्ट’ करावे. कित्येक आठवडे केवळ झाकण मिटून ठेवल्या जाणाऱ्या लॅपटॉपची कुरकुर कधी कधी तेवढ्यानेच थांबते.

दुसरी पारख टास्क मॅनेजरची, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या विंडोजमधील खिडकीची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो आणि त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) व डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. सीपीयूचा आकडा दहा-पंधरा आणि डिस्कचा मात्र सतत १०० असेल तर हार्ड डिस्क मागे पडते आहे. मेमरी ९० च्या पुढे असेल तर रॅम अपुरी आहे. काही उघडलेले नसताना सीपीयूच चढा असेल तर यादीत सर्वांत वर कोण बसले आहे ते पाहावे. ‘परफॉर्मन्स’ या विभागात प्रोसेसरची चालू गती आणि मूळ गती दोन्ही गिगाहर्ट्झमध्ये दिलेल्या असतात. काम जोरात चालू असताना चालू गती मूळ गतीच्या बरीच खाली उतरली तर प्रोसेसरने हात आखडता घेतला आहे, हे उघड होते. प्रोसेसरचे तापमान मात्र टास्क मॅनेजर दाखवत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखा घरगुती वापरासाठी मोफत असलेला प्रोग्राम लागतो. काही काम चालू नसताना ४० ते ५५ अंश आणि जड कामात ८० ते ९० अंश हे आकडे काळजीचे नाहीत. उन्हाळ्यात त्यात आणखी काही अंशांची भर धरावी. नुसते बसलेले यंत्र ७०-७५ अंशांवर असेल, किंवा साधा व्हिडिओ पाहताना ९५ अंश गाठत असेल, तर मागचे झाकण काढण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

झाकण काढल्यावर काय दिसते, यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. फॅनची पाती वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि पाहणारा निश्चिंत होतो. खरी धूळ असते ती फॅन आणि पत्र्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत, नमद्यासारख्या दाट थराने, आणि फॅनचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचलल्याशिवाय ती नजरेलाच पडत नाही. आमच्याकडे या थरात कापसाचे तंतू फार असतात. जिनिंगच्या हंगामात ते हवेत सर्वत्र उडत असतात आणि साध्या धुळीला ते एकमेकांत गुंतवून धरतात. चंद्रपूरकडून आलेल्या यंत्रांत काळी, बारीक, चिकटून बसणारी भुकटी निघते. कोकणातल्या लॅपटॉपला धुळीपेक्षा दमट खाऱ्या हवेचा त्रास अधिक, तो वेगळाच विषय आहे. हा थर बसल्यावर फॅन कितीही जोरात फिरला तरी हवा जाळीपलीकडे जात नाही. म्हणूनच फॅन घोंघावतो आहे, पण कडेच्या फटीशी हात धरला तर वारा जेमतेम लागतो, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र तापलेले असूनही आवाजही नाही आणि वाराही नाही, तर बहुधा फॅनच बंद पडला आहे. तो बदलणे हाच उपाय, आणि तो फारसा महागडा नसतो.

अनेक दुकानांत सर्व्हिसिंग म्हणून बाहेरच्या फटीतून ब्लोअर मारला जातो. त्याने जाळीत अडकलेला थर सुटून उलट फॅनमध्ये ढकलला जातो, शिवाय ब्लोअरच्या झोताने फॅन त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. झाकण काढून, आधी बॅटरीची जोडणी सोडवून, फॅनचे पाते एखाद्या लाकडी काडीने अडवून मगच हवा मारावी. शक्य असेल तर फॅन उचलून थर चिमट्याने अलगद काढावा आणि जाळी मऊ ब्रशाने साफ करावी. झाकणाचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. कोणता कुठला होता ते कागदावर मांडून ठेवावे, कारण आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या बाजूने बाहेर येतो किंवा आतल्या पट्टीला इजा करतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ते करू नये, पण करून घेताना समोर उभे राहावे आणि जाळीतून निघालेली धूळ दाखवायला सांगावे. डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांच्या सचित्र दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर खुल्या ठेवतात. इंग्रजीत असल्या तरी त्यांतील चित्रे पुरेशी बोलकी असतात.

जाळी स्वच्छ करूनही तापमान उतरले नाही तर थर्मल पेस्टकडे वळावे. प्रोसेसरची चकती आणि तिच्यावरचा तांब्याचा ठोकळा यांच्यातील सूक्ष्म फटी भरून उष्णता पुढे नेणे हे तिचे काम. तीन-चार वर्षांत ती सुकते किंवा सतत तापण्या-निवण्याने कडेला सरकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली की पुरते. जास्त लावल्याने काही लाभ नाही. ठोकळ्यावरच्या स्क्रूंशेजारी बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने ते थोडे थोडे आवळत जावे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. पाच वर्षांच्या, कधीच न उघडलेल्या लॅपटॉपची सफाई आणि नवी पेस्ट यांनंतर तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरलेले मी पाहिले आहे. असे यंत्र ‘जुने झाले’ म्हणून भंगारात काढण्याचा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

कूलिंग पॅडविषयी माझा विरोध नाही, पण त्याचा उपयोग मर्यादित आहे. हवा खालून ओढणाऱ्या आणि आतून स्वच्छ असलेल्या लॅपटॉपला त्याने काही अंशांचा दिलासा मिळतो. जाळी बुजलेल्या यंत्राला जवळजवळ काहीच मिळत नाही. मागची कड दोन पुस्तकांवर टेकवून इंचभर उचलली तरी त्यातला बराचसा लाभ फुकट पदरात पडतो. गादीवर, गोधडीवर किंवा उशीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपची खालची हवेची तोंडे बुजतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, तरीही परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातून येणारी यंत्रे बहुतांशी गादीवरचीच असतात. लॅपटॉपखाली ओला रुमाल किंवा फ्रीजमधली बर्फाची पिशवी ठेवण्याचा प्रकार मात्र कृपा करून कुणी करू नये. हवेतील बाष्प आत पत्र्यावर साचले तर मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटीच, हातचा जातो. कूलरच्या खोलीत काम करणे चांगलेच, फक्त तुषार उडतात त्या झोतासमोर यंत्र ठेवू नये. आणखी एक, झाकण मिटून बॅगेत टाकलेला नवा लॅपटॉप बाहेर काढताना चटका बसण्याइतका तापलेला असतो, याचे कारण असे की बऱ्याच नव्या यंत्रांत ‘स्लीप’ म्हणजे पूर्ण झोप नसते आणि इंटरनेटशी जोडलेले काम आतल्या आत चालू राहू शकते. बॅगेत ठेवायचा असेल तर शट डाउन किंवा हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून यंत्र बंद) करावे.

ज्यांना तूर्त यंत्र उघडता येत नाही, त्यांच्यासाठी एक सोय विंडोजमध्येच आहे. पॉवर ऑप्शन्समधील प्रगत मांडणीत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत टर्बोची वाढीव गती बंद होते आणि तापमान लक्षणीय उतरते. काही नव्या यंत्रांत ही मांडणी दिसत नाही, पण दिसत असेल तर टंकलेखन, ईमेल, ऑनलाइन अर्ज यांसारख्या कामांत फरक फारसा जाणवतही नाही. मे महिन्यापुरती ही तडजोड मी प्रयोगशाळेत खुशाल करतो. चार्जरकडेही पाहावे. मूळ ६५ वॅटचा चार्जर हरवल्यावर बाजारातून ४५ वॅटचा किंवा नकली आणला, तर काही लॅपटॉप तो ओळखू न शकल्यामुळे बॅटरी भरत नाहीत आणि प्रोसेसरची गतीही बांधून ठेवतात. चार्जर काढल्यावर यंत्र धावू लागले तर दोष चार्जरचाच समजावा. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून लॅपटॉप मंदावतो, ही समजूत मात्र बहुधा निराधार असते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते आणि तेवढ्या पट्ट्यात तो नीट काम करतो.

आता यंत्र गार असतानाच रखडते अशांविषयी. सात-आठ वर्षांपूर्वीच्या कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम हीच जोडी सर्वत्र असे. अशी डिस्क विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला शंभरेक वेळाच शोधून आणू शकते, तर साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, तेच काम हजारोंच्या संख्येने करते. सुरू व्हायला पाच मिनिटे घेणारा लॅपटॉप एसएसडी बसवल्यावर अर्ध्या मिनिटात उभा राहतो तो यामुळे. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचीच जागा रॅमसारखी वापरू लागते, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी ओझे. म्हणून दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर आधी एसएसडी घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र त्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. खराब सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरील निकामी झालेल्या कप्प्यांचा, आकडा वाढत असेल तर दुसरे काहीही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर डाग देऊन कायमची बसवलेली असते आणि ती वाढवता येत नाही. नवा घेताना ४ जीबी स्वस्त पडते म्हणून घेतले, तर तो निर्णय शेवटपर्यंत सोबत राहतो.

फॉरमॅटने काही काळ फरक पडतो तो याच गटातल्या यंत्रांना, कारण आपोआप सुरू होणारे प्रोग्राम, दोन-दोन अँटिव्हायरस आणि ब्राउझरमध्ये शिरलेली बांडगुळे त्यात पुसली जातात. हे सारे टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत नको ते प्रोग्राम बंद करून आणि एक सोडून बाकी अँटिव्हायरस काढून फॉरमॅटविनाही साधते. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. ‘पीसी बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’ या नावांनी मिळणारी साधने बहुधा स्वतःच ओझे होऊन बसतात. फॉरमॅटनंतर पहिला दिवसभर विंडोजचे अपडेट आणि फाइलींची सूची बनवण्याचे काम चालत असल्याने लॅपटॉप उलट अधिक तापतो, आणि घाबरलेला ग्राहक पुन्हा दुकान गाठतो. याहून गंभीर बाब म्हणजे फॉरमॅट करताना परवाना नसलेली विंडोज टाकून ती कुठल्याशा ‘ॲक्टिव्हेटर’ने चालू करून देण्याची पद्धत. ती साधने चालवण्यासाठी डिफेंडर बंद करावा लागतो, आणि त्याच दाराने दुसऱ्याच्या कमाईसाठी क्रिप्टोचलनाची आकडेमोड करणारे छुपे प्रोग्राम आत येऊ शकतात. काही उघडलेले नसताना रात्रंदिवस फॅन घोंघावणाऱ्या आणि सफाईनंतरही न निवणाऱ्या यंत्रात ही शक्यता जरूर तपासावी.

आपल्या पुरवणीतील ‘पाच वर्षांनी नवा घ्यावा’ या वाक्यामागे विंडोज १० चा विषय असावा, असे वाटते. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो, हे खरे आहे. त्यामुळे २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे अधिकृतपणे बाहेर पडतात. पण पाच वर्षांचा लॅपटॉप बहुधा या अटीत बसतो आणि जो बसत नाही त्यावरही लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालून ब्राउझर, ईमेल, मराठी टंकलेखन ही कामे उत्तम चालतात. अटी डावलून जुन्या, ४ जीबीच्या यंत्रावर विंडोज ११ बसवून देणारी दुकाने आहेत. मंदावण्याच्या तक्रारींत त्यांची भर वेगळी आहे.

बॅटरीबाबत मात्र हयगय नको. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. सतत तापलेल्या यंत्रात ती लवकर निकामी होते आणि काही वेळा फुगते. टचपॅड दाबायला कठीण जाणे किंवा वर उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे, ही फुगल्याची लक्षणे आहेत. तशी शंका आली तर चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि बॅटरी दाबण्याचा, टोचण्याचा किंवा ‘थोडे दिवस चालवून घेण्याचा’ मोह टाळावा, कारण ती पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यात टाकणेही योग्य नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम लॅपटॉपलाही लागू आहेत. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी ती नेमकी कुठे द्यायची, हे विचारल्यावर ठाम उत्तर क्वचितच मिळते.

यावरून माझ्या काही मागण्या आहेत. दुरुस्ती करणाऱ्या दुकानांनी काम हाती घेताना आणि परत देताना, दोन्ही वेळी एकच ठरावीक काम चालवून, प्रोसेसरचे तापमान नोंदवावे आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून द्यावेत. यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि सफाई खरोखर झाली की नाही याचा याहून सोपा पुरावा नाही. कंपन्यांनी भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा खोक्यावर मराठीत, ठळक छापावी. निव्वळ सफाईसाठी मागचे झाकण उघडल्यास वॉरंटीवर परिणाम होतो की नाही, हे त्यांनी एका वाक्यात लेखी सांगावे, कारण या एका धास्तीपोटी कित्येक लॅपटॉप वॉरंटी संपेपर्यंत धूळ खात तापत राहतात आणि संपल्यावर त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळही सुरू केले. इलेक्ट्रॉनिक उपकरणे त्याच्या कक्षेत येतात. तेथे मॉडेलनुसार फॅन आणि बॅटरी सुटी मिळण्याचे ठिकाण व किंमत दिली गेली, तर ग्राहकाला खऱ्या अर्थाने उपयोग होईल. सफाईचे पैसे घेऊन ती न करणाऱ्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, हेही वाचकांना कळायला हवे.

आपल्याकडे विनंती एवढीच की, पुढच्या उन्हाळी पुरवणीत कूलिंग पॅडच्या किमतींच्या तक्त्याऐवजी, निदान विदर्भातील अकरा जिल्ह्यांपुरती, फुगलेली बॅटरी आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रांची पत्त्यांसह यादी छापावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून ती मिळवणे एकट्या वाचकापेक्षा आपल्या बातमीदारांना सोपे जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक,
अकोला